गोळी घेतली म्हणजे माझा विश्वास कमी पडला का?

कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, शाळेत शिक्षिका, चार वर्षांचा मुलगा. गेले पाच महिने पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही. छातीत धडधडतं, भाजी चिरताना रडू येतं, कधी कधी 'सकाळी उठूच नये' असं वाटतं. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. दहा दिवस घेतल्या, मळमळ आणि बेचैनी वाढली. त्यातच एका उपवास-प्रार्थनेला बाहेरून आलेल्या वक्त्यांनी सांगितलं की खरा विश्वास असेल तर अशा गोळ्या लागत नाहीत. ताईंनी गोळ्या बंद केल्या. सासूबाई म्हणतात, "वचन वाच, सगळं जाईल." बायबलचं वचन वाचायला बसलं तर अक्षरं नुसती डोळ्यांसमोरून सरकतात. देवाने पाठ फिरवली असं वाटतं. शेवटी त्या विचारतात, "मी विश्वासात कमी पडते आहे का? गोळी पुन्हा सुरू केली तर तो देवावर अविश्वास होईल का?"

ताई, जय ख्रिस्त. मी २२ वर्षं समुपदेशनाचं काम करते. सुरुवातीची काही वर्षं एका मिशन हॉस्पिटलात रुग्णांच्या खाटेशेजारी बसण्यात गेली, त्यानंतर कोल्हापुरातच आहे. मी डॉक्टर नाही, गोळ्या लिहून देत नाही. पण तुम्ही विचारलाय तो प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून अनेकांनी विचारलाय. विचारताना बहुतेकांचा आवाज खाली गेलेला असतो.

सगळ्यात आधी तुमच्या 'सकाळी उठूच नये' या वाक्याबद्दल. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच थांबले. हा विचार नुसता थकव्याचा आहे, की जीव संपवण्याचा, त्याची काही पद्धत, काही वेळ डोक्यात येते का, हे आजच एका माणसाला खरं खरं सांगा. नवऱ्याला सांगा, बहिणीला सांगा, जो ऐकून घाबरून ओरडणार नाही अशा कोणालाही सांगा. विचार पद्धतीपर्यंत गेला असेल तर उद्याची वाट बघू नका. कोणाला तरी सोबत घेऊन सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, किंवा ११२ ला फोन करा. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं. घरी शेती असेल तर उसाचं तणनाशक आणि कीटकनाशक घरातून हलवायला सांगा, आणि गोळ्यांची पाकिटं दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या. असा झटका बऱ्याचदा थोडा वेळ टिकतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काही नसणं याने माणसं वाचतात, हे मी पाहिलंय.

आणि असा विचार आला म्हणून देव रागावला असेल, असं मनात आणू नका. बायबलमधला एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे झालं, माझा प्राण घे. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला माणूस तो. देवाने त्याला काय केलं? झोपू दिलं. मग दूत आला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी ठेवला. तो खाऊन पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला आणि म्हणाला, ऊठ, खा, वाट लांबची आहे. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न देवाने विचारला तो त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर पोहोचल्यावर. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, हा क्रम मी माझ्या कामात फार मानते. पाच महिने पहाटे तीनला उठणाऱ्या बाईच्या विश्वासाची चर्चा तिच्या झोपेची सोय झाल्याशिवाय करू नये.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही तो 'गोळी की प्रार्थना' असा मांडलाय. मला त्याखाली दुसरा दिसतो. तुम्ही एक आजार अंगावर काढताय, आणि आजारी पडल्याचा अपराधही अंगावर घेतलाय. दुसऱ्या ओझ्यामुळे पहिल्याला हात लावता येत नाही. विश्वास ही तुमच्या घरात मोजपट्टी झाली आहे: आज रडलीस, म्हणजे कमी, आज हसलीस, म्हणजे बरा. सासूबाईंना बीपी किंवा शुगर असेल तर त्यांची गोळी रोज वेळेवर जात असणार, आणि ती घेताना त्यांचा विश्वास कोणी मोजत नसणार. मी हे त्यांना दोष द्यायला लिहीत नाही. त्यांना सुनेची काळजी आहे, पण त्यांच्या पिढीला या दुखण्यासाठी कोणी शब्दच दिले नाहीत. 'वचन वाच' हेच त्यांच्याकडचं औषध, आणि ते त्या मनापासून देतात.

गोळ्यांचं आधी निस्तरू या. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण उदासीनता आणि चिंता दोन्हींवर आज बहुतेक डॉक्टर एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीनच्या गटातली गोळी सुरू करतात. तशीच असेल तर पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात मळमळणं, अस्वस्थ वाटणं, कधी धडधड थोडी वाढणं हे नेहमीचं आहे. फायदा जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता कळायला सहा-आठसुद्धा. म्हणजे त्रासाचे दिवस तुम्ही सोसलेत आणि गुण यायच्या आधी थांबलात. घरात उरलेली पट्टी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. त्याच डॉक्टरांकडे जा आणि "दहा दिवसांत बंद केली, असा असा त्रास झाला, माझ्या मनात धर्माचीही शंका होती" असं सरळ सांगा. ते डोस अर्ध्यापासून सुरू करतील किंवा गोळी बदलतील. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करताना हळूहळू करतात. या गटातल्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी देतात त्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते. त्या थोड्या दिवसांसाठीच असतात, म्हणून त्यांच्याबद्दल वेगळं विचारा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं नसेल तर तेही करून घ्या. थायरॉइड बिघडून महिनोन् महिने उदास राहिलेल्या, आणि त्या काळात स्वतःच्या पापांची यादी करत बसलेल्या बाया माझ्याकडे आल्या आहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या मला दुरून कळणार नाहीत. पूर्वी कधी असे दिवस आले होते का, की झोप दोन-तीन तासच, तरी थकवा नाही, बोलणं भराभर, पैसे भरमसाट खर्च, आणि देवाने आपल्याला काही खास कामासाठी निवडलंय असं वाटणं? तसं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण मग औषध वेगळं लागतं. घरात मारहाण असेल, तर प्रश्न तुमच्या मनाचा नाही, त्या हाताचा आहे. त्याला १८१ हा महिलांसाठीचा नंबर आणि वेगळी मदत. कर्ज असेल, तर कर्जाचं बसून गणित करावं लागतं. सगळ्याला 'डिप्रेशन' हे एकच नाव देऊन चालत नाही.

'खरा विश्वास असेल तर गोळी लागत नाही', हे वाक्य आपल्या भागात ऐकलं की मला फार वाईट वाटतं. कोल्हापुरात १८५२ मध्ये मिशनरी आले, मिरजेत डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं. आपल्या आजी-पणजींच्या पिढीने सुवार्ता आणि औषध एकाच दारातून आत येताना पाहिलं. मिशन हॉस्पिटलात ऑपरेशनआधी टेबलाशेजारी प्रार्थना होते आणि मग भूल दिली जाते. तिथे उभ्या असलेल्या कोणालाही दोन्हींतलं एक निवडावं लागत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीसाठी प्रेषित पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, 'अजून प्रार्थना कर' असं लिहिलं नाही. मग मेंदूच्या दुखण्यालाच वेगळा नियम कुठून आला?

माझ्याकडून झालेली एक चूक इथे सांगते, कारण ती तुमच्या सासूबाईंच्या सल्ल्यासारखीच होती. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुलगा गमावलेली एक आई माझ्याकडे आली. मी तिला धीराच्या वीस वचनांचा कागद लिहून दिला. पंधरा दिवसांनी ती कागद परत घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, सगळी वाचली. आता हेही मला जमलं नाही." त्या दिवसापासून मी वचनांचा कागद देत नाही. पडलेल्या माणसाच्या हातात वचन अभ्यासासारखं दिलं, की त्याला त्यातही नापास झाल्यासारखं वाटतं.

'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वाक्य तुम्हाला अनेकदा ऐकवलं गेलं असेल. ते लिहिणारा पौल तेव्हा बंदिवासात होता, बेड्यांत होता. त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात तो तीमथ्याचं कौतुक करतो, की तुमची मनापासून काळजी करणारा असा दुसरा कोणी नाही. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. करिंथकरांना तो लिहितो की सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चमधल्या लोकांची, चिंता रोज माझ्यावर असते. आणि आशियात तर जगण्याचीही आशा सुटली होती, हेही तो लपवत नाही. चिंता वाटणं हाच गुन्हा असता तर पौल त्याच्याच पत्रांमधून दोषी ठरला असता. ते वाक्य मी धाक म्हणून वाचत नाही. मला ते आजारी मुलाच्या कपाळावर हात ठेवून आई म्हणते ना, "घाबरू नको", तसं ऐकू येतं. त्यात आज्ञा मोडल्याची शिक्षा नसते, हात असतो.

अक्षरं डोळ्यांसमोरून सरकतात, हे लक्षण आहे. या आजारात एकाग्रता जाते. म्हणून आता वर्षात बायबल पूर्ण करायचा तक्ता बाजूला ठेवा. एक स्तोत्र घ्या, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचायला सांगा. मी बहुधा ४२ वं किंवा ८८ वं सुचवते. 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' असं स्वतःलाच विचारणारा माणूस ४२ व्यात भेटतो. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एकही ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ज्याच्याशी बोललंय तो देवच आहे. कोल्हापुरातल्या आपल्या मंडळ्यांमध्ये आनंदाची गाणी आपण खूप गातो, विलापाची फार कमी. त्यामुळे रडणाऱ्या माणसाला आपल्याला आराधनेत जागाच नाही असं वाटतं. गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना म्हणाला, माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे, माझ्यासोबत जागे राहा. त्याने सोबत मागितली. आपल्यालाही मागायला हरकत नाही.

प्रार्थनेबद्दल एक गोष्ट कामातून शिकले. चिंता कधी कधी प्रार्थनेचं रूप घेते. पहाटे तीनला अंथरुणात पडल्या पडल्या "देवा, मुलाला काही होऊ देऊ नको, नोकरी जाऊ देऊ नको, मला वेड लागू देऊ नको" हे तासभर फिरत राहतं. ओठावर देवाचं नाव असतं, पण मन त्याच गोल रस्त्यावर धावतं आणि तासाभराने जास्त घाबरलेलं असतं. असं होत असेल तर प्रार्थना दिवसाला आणा. संध्याकाळी सहा वाजता दहा मिनिटं कागद घेऊन बसा. डावीकडे आज माझ्या हातात आहे ते, उजवीकडे माझ्या हातात नाही ते. डावीकडचं एक काम लगेच करा, मग ते दूध तापवणं का असेना. उजवीकडचं वाचून दाखवा, आमेन म्हणा, कागद पवित्र शास्त्रात ठेवून द्या. पहाटे तेच विचार आले तर "ते कागदावर आहे, सहा वाजता बोलू" एवढंच म्हणा. अंथरुणात वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मोबाइल हातात न घेता. तेव्हा एकच ओळ पुरते: श्वास घेताना 'प्रभू येशू', सोडताना 'माझ्यावर दया कर'. सोडायचा श्वास घेण्यापेक्षा लांब ठेवा, चार मोजून आत आणि सहा मोजून बाहेर. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खरोखर उतरते, हे शरीराचं काम आहे. ओळ विश्वासाची, श्वास शरीराचा, दोन्ही एकत्र चालतात.

सध्या उपवास आणि रात्रभराची प्रार्थना मात्र नको. हे मी ठामपणे सांगते. रिकाम्या पोटी धडधड आणि थरथर वाढते, जागरणाने उदासी खोल जाते, आणि ज्यांना तेजीचे-मंदीचे झटके (बायपोलर आजार) येतात त्यांना एका जागरणाने तेजी उसळू शकते. तुमच्या नावाने दुसऱ्यांना उपवास करू द्या. तुम्ही जेवा.

तुम्ही लिहिलंय की देवाने पाठ फिरवली असं वाटतं. त्यावर मला अठराव्या शतकातले इंग्लिश कवी विल्यम कूपर आठवतात. त्यांची भक्तिगीतं जगभर गायली गेली. तरी १७७३ च्या झटक्यानंतर देवाने आपल्याला नाकारलं, ही समजूत त्यांच्या मनातून शेवटपर्यंत पुरती गेली नाही, आणि ते चर्चला जाईनासे झाले. त्यांचे पाळक जॉन न्यूटन यांनी त्यांना स्वतःच्या घरी आणून वर्षभराहून अधिक काळ ठेवून घेतलं. वाद घातला नाही असं नाही, पण सोडलं नाही. 'देवाने सोडलं' ही भावना या आजारात ताप अंगात असावा तशी असते. तापात सगळं कडू लागतं, म्हणून जेवण कडू झालेलं नसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांचं काम याच विषयावर आहे. श्रद्धेत आधार शोधणारा रुग्ण आणि 'देव मला शिक्षा करतोय' म्हणत झुरणारा रुग्ण यांच्या तब्येतीत फरक पडतो, आणि दुसऱ्याची उदासी जास्त असते. म्हणून 'विश्वास औषध आहे का' यापेक्षा तुमच्या मनातला देव सध्या तुमच्याशी कोणत्या आवाजात बोलतोय, हे मी आधी विचारते.

मंडळीत कोणाला सांगावं? सगळ्यांना नको, आणि साक्ष द्यायला तर इतक्यात अजिबात उभ्या राहू नका. तुमच्या पाळकांना किंवा पाळकबाईंना विचारून बघा, "मंडळीत कोणी मानसोपचार घेत असेल तर तुम्ही काय सांगता?" उत्तरात गोळ्या बंद करायचा सल्ला आला, तर तिथे पुढे बोलू नका. "डॉक्टर काय म्हणाले" असा उलट प्रश्न आला, तर तो माणूस कामाचा. मागताना नेमकं मागा: मंगळवारी मुलाला शाळेतून आणाल का, आठवड्यातून एक डबा द्याल का, रविवारी मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसाल का. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट बसले, तेव्हा ते खरे मित्र होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. उपासनेला दीड तास बसवत नसेल तर पंधरा मिनिटं बसा आणि उठून या.

शेवटी एक पद्धत सांगते, ती मला एका रुग्णाकडून मिळाली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. शिरोली एमआयडीसीत काम करणारा माणूस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा. त्यानंतर पाऊस लागला की त्याला झोप नाही. मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी दिवसात तीस-तीस वेळा बघायचा. पाणी गळ्यापर्यंत आलंय, देवा मला तार, हे ६९ वं स्तोत्र त्याला पाठ होतं आणि ते म्हणताना तो थरथरायचा. डॉक्टरांचं औषध सुरू होतंच. आम्ही ठरवलं की पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, आणि प्रत्येक वेळी बघून झालं की स्तोत्राच्या दोन ओळी म्हणायच्या. पहिला आठवडा कठीण गेला, नंतर जमलं. मग एक दिवस तोच म्हणाला, "बाई, नदीला ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. माझं कधी ३९ होतं ते मला कधीच कळत नाही. मी एकदम ४३ लाच ओरडतो."

तेव्हापासून हा कागद मी सगळ्यांकडून करून घेते. तुमची ३९ फूट कोणती, ते लिहा. त्याची अशी होती: सलग दोन रात्री तीन तासांपेक्षा कमी झोप, अंघोळ टाळणं, भावाचा फोन न उचलणं, चर्चला न जाण्यासाठी कारण शोधणं. या खुणांना डॉक्टरांची तारीख अलीकडे आणायची आणि बायकोला सांगायचं. ४३ म्हणजे मरणाचा विचार, तेव्हा कोणाला फोन, कोणत्या गाडीने, कुठल्या दवाखान्यात, हे आधीच लिहिलेलं. तुमच्या बाबतीत मुलावर विनाकारण ओरडणं किंवा शाळेच्या वह्या तपासायच्या राहून जाणं ही खूण असू शकेल, ते तुम्हीच जाणता. कागदाच्या दोन प्रती करा. एक नवऱ्याकडे द्या. दुसरी, मनापासून सांगते, सासूबाईंकडे द्या. वचन वाचायला सांगणाऱ्या त्या हाताला, ३९ फूट झाल्यावर नेमकं काय करायचं, ते त्यावर लिहून ठेवा: आधी जेवायला वाढा, मुलाला घ्या, मग माझ्याशेजारी बसून स्तोत्र तुम्हीच मोठ्याने वाचा.